पट्टा सुटला तेव्हा मी भिंतीपलीकडे होतो

आबा,

तुमच्या दहाव्याला मी आलो होतो. निमगाव सावाच्या अलीकडेच गाडी लावली आणि चालत आलो, कारण गाडी थेट आणली असती तर माणसांनी वळून पाहिलं असतं. मागच्या ओळीत, बाभळीखाली उभा राहिलो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. वाटसुद्धा बघायला लागली नाही. शेजारचे एक पावणे म्हणाले, "आबाचं काय बी राहिलं न्हवतं बघा. समाधानानं गेला." माणसं मोकळी झाली, कुणी तंबाखू मळायला घेतली. मी मात्र मोकळा झालो नाही. तुमचं काही राहिलं नसेल, तर जे राहिलंय ते सगळं माझ्याकडेच आहे.

मग तुमचा मुलगा नाना पुढे आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "डाक्टर, तुमी आमच्या आबासाठी लई केलं." पंचवीस वर्षं मी हे काम करतो. नातेवाइकांच्या शिव्या ऐकल्यात, एकदा कॉलरला हात घातलेलाही सोसलाय. कुणी आभार मानल्यावर भीती वाटली, असं पहिल्यांदाच झालं. मी हात सोडवून घेतला आणि जेवायला न थांबता निघालो.

म्हणून आधी तेच सांगतो, नाहीतर बाकीचं लिहिताना ते पुन्हा मागे सारीन. तुम्ही पडलात तेव्हा मी खोलीत नव्हतो. पोरांना माझ्याकडे शिकायला पाठवणाऱ्या संस्थेला दिलेल्या कागदावर मी आहे. हाताच्या अंतरावर आहे. खरा मी भिंतीपलीकडे केबिनमध्ये बसलो होतो. दवाखान्यात तुम्ही मला सरळ विचारलंत, तेव्हाही मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. नानाच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून तुम्हाला नारायणगावला माझ्या सेंटरमध्ये आणलं होतं. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. तोंड थोडं वाकडं, पण बोलणं शाबूत. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आमच्याकडे डिप्लोमाची मुलं शिकायला येतात. पुढं फिजिओथेरपीची असिस्टंट होणार. माझ्यासमोर ती तुम्हाला हात लावतील, उठवतील, बसवतील. चालेल ना?" बरेच जण याला नाही म्हणतात. आम्ही पैसे मोजतो तर डॉक्टरनंच करावं, असं त्यांचं म्हणणं असतं, आणि ते चूक नाही. तुम्ही नानाकडे पाहिलंत, मग दाराशी उभ्या असलेल्या चार पोरांकडे.

"आदुगर कुनाला धरलंय का यांनी?"

"एकमेकांना. वर्गात."

"म्हंजी धडधाकट माणसाला. धडधाकटाला धरायला काय अक्कल लागती?" आणि डावा हात पुढे करून म्हणालात, "या. मोडका आज्जा मिळालाय, शिका."

दोन वर्षांत तीन बॅचेस तुमच्यावर शिकल्या. पडू शकणारं शरीर त्या पोरांनी पहिल्यांदा धरलं ते तुमचं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, मागून मुठीत धरायचा, पेशंटच्या कमजोर बाजूला उभं राहायचं, आणि मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही, ही आमच्याकडची पहिली अक्षरं. पोरं ती तुमच्या धोतरावर गिरवत. तुम्ही त्यांना मार्कं द्यायचात. "ह्याला चाळीस. माझ्याऐवजी घड्याळाला धरतोय." घाटघरचा एक मुलगा होता, अंगानं दणकट, पण तुम्हाला उठवताना श्वास रोखून धरायचा. तुम्ही त्याला म्हणालात, "तू श्वास सोड बाबा, न्हाईतर आधी तुलाच झोपवावं लागंल." तो हसला आणि त्या दिवसापासून त्याचे हात मोकळे झाले. मी त्याला महिनाभर तेच सांगत होतो. माझ्या सांगण्यानं झालं नव्हतं.

अश्विनी तिसऱ्या बॅचची. अवसरी बुद्रुकहून दोन एसट्या बदलून यायची. वडील वेल्डिंगच्या दुकानात, आई अंगणवाडीत मदतनीस. घरातली पहिलीच, जिला पांढरा एप्रन मिळाला. कमी बोलायची. पट्टा धरला की तिची बोटं पांढरी पडायची. तुम्ही पहिल्या दिवशी तिला साठ दिलेत. ती म्हणाली, "आबा, कुठं कमी पडले?" तुम्ही म्हणालात, "कमी न्हाई, जास्ती पडलीस. कोकरू धरल्यावानी धरतीस. मी काय पळून जातोय व्हय?" महिन्यानं तिला पंच्याऐंशी मिळाले. तेवढे तुम्ही कुणालाच दिले नव्हते. तिनं ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेले मी पाहिलेत.

आपला एक वाद कधीच मिटला नाही. तुम्हाला पट्टा आवडत नव्हता. "बैल हाय का मी?" मी म्हणायचो, आणखी थोडे दिवस. तुम्ही म्हणायचात, "तुमचं थोडं दिस म्हंजी सरकारचं थोडं दिस." दुसरा वाद माझ्या वह्यांवरून होता. प्रत्येक शिकाऊ मुलाची एक लॉगबुक असते. पेशंटला कितीदा उठवलं, कितीदा चालवलं, आणि शेजारी छापलेलं वाक्य, 'माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली केले', त्याखाली माझी सही. मी खोलीत फिरतानाही त्या वह्या काखेत घेऊन फिरायचो. तुम्ही एकदा म्हणालात, "डाक्टर, मेंढरं मोजणारा येगळा आन् राखणारा येगळा. मोजणारा मालक असतो. तो मेंढरांच्या वाड्यावर संध्याकाळी येतो." मी हसून सोडून दिलं. माझ्यावर संस्थेचा किती दाब असतो हे तुम्हाला काय माहीत, असं मनात म्हणालो. उत्तर दिलं नाही. आज देतो. तुम्ही बरोबर होता. मी संध्याकाळी येणारा झालो होतो. आठवडाभराच्या सह्या शनिवारी एकदम करायचो. पुढे पुढे तर सोमवारीच, सबंध आठवड्याच्या आगाऊ.

त्या सकाळी तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी संस्थेची तपासणी होती आणि वह्यांत जागोजाग रकाने रिकामे होते. दोन मुलं रजेवर, एक एक्स-रे आणायला गेलेला. अश्विनी एकटी होती आणि तुम्ही आलात. मी केबिनच्या दारातून म्हणालो, "आबांना चालायच्या समांतर दांड्यांमध्ये उभं कर. दोन फेऱ्या. मी आलोच."

तिनं विचारलं, "सर, तुम्ही येईपर्यंत बसवून ठेवू?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आबा. तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, "अगं, येतं तुला. कर सुरू. आलोच मी."

त्यानंतर दोनदा मी भिंतीपलीकडून 'आलोच' म्हणालो. समोर तिचीच वही उघडी होती. त्या दिवसाच्या तारखेपुढे, तुमच्या नावापुढे, 'देखरेखीखाली केले' या वाक्याखाली मी सही केली. शाई वाळली नसेल तोवर आवाज आला. मोठा नव्हता. भरलेलं पोतं खाली ठेवल्यावर येतो तसा.

मी धावलो. तुम्ही दांड्यांच्या बाहेर उजव्या कुशीवर पडला होतात. अश्विनी गुडघ्यावर बसून एका हातानं तुमचं डोकं धरून होती. तिची ओढणी तुमच्या कमरेवर पसरलेली होती. मला ती ओढणी दिसली, पण कळली नाही. मी खुबा पाहत होतो. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला पाहिला आणि तो मोडल्याचं कळलं. तुम्ही दात आवळून म्हणालात, "पाय घसरला. पोरीला काय बोलू नका."

ओढणीचा अर्थ नंतर कळला. तुम्हाला ऑपरेशनला नेल्यावर मी तिला केबिनमध्ये बसवलं. ती रडत नव्हती. तिनं सांगितलं ते असं: तुम्ही उभे राहिलात, पट्टा वर सरकला आणि धोतराची गाठ सुटली. तुमचा चालता हात एकच, तो दांडीवर. तुम्ही म्हणालात, "पोरी, सोड, तोंड फिरव तिकडं. धोतर सावरू दे." ती म्हणाली, आबा, सर येतीलच. तुम्ही म्हणालात, "तोंड फिरव म्हनतो ना." तिनं पट्टा सोडला आणि तोंड फिरवलं. तुम्ही दांडी सोडून त्या हातानं धोतर धरलंत.

मी तिच्यावर ओरडलो. मी 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हे शंभरदा सांगितलंय ना, असं म्हणालो. तिनं मान खाली घातली. पण पोरांना शिकवताना मी आणखी एक गोष्ट सांगतो, दर बॅचला, पहिल्या दिवशी: पेशंटला नावानं किंवा नंबरानं हाक मारू नका. आबा म्हणा, आजी म्हणा, मावशी म्हणा. माणसाला बरं वाटतं. लोक माझ्या सेंटरचं कौतुक याचसाठी करतात. हाक शिकवली, पण त्या हाकेसोबत काय येतं ते शिकवलं नाही. पेशंटला नाही म्हणता येतं. आबाला नाही कसं म्हणायचं? आबानं तोंड फिरव म्हटल्यावर आपल्याकडची कुठली मुलगी फिरवणार नाही? तिथं एक पुरुष माणूस हवा होता, ज्याला तुम्ही म्हणाला असता, डाक्टर, जरा गाठ मारा. एवढंच काम होतं. ते माझं होतं. मी त्या वेळी ते केल्याची सही करत होतो.

अपघाताचा फॉर्म मी त्याच दुपारी भरला. पहिला फॉर्म खाडाखोड झाल्यानं फाडावा लागला. दुसऱ्यावर अक्षर नीट आलं. 'पर्यवेक्षक हाताच्या अंतरावर उपस्थित होते. विद्यार्थिनीने सूचना नसताना पट्टा सोडला.' दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून पहिलंही खपेल असं वाटलं. आणि सही तर आधीच झालेली होती, आबा. वहीत मी हजर होतो. फॉर्ममध्ये गैरहजर लिहिलं असतं तर वही खोटी ठरली असती, मग आधीची सगळी पानं, आधीच्या सगळ्या बॅचेस. माझं रजिस्ट्रेशन. पुण्यात शिकणारी माझी मुलगी, जी मैत्रिणींना सांगते की माझे बाबा चालायला शिकवतात. हे सगळं एका मिनिटात डोळ्यांसमोरून गेलं. भीतीनं माणूस विचार करत नाही असं म्हणतात. मी तर फार नीट विचार केला.

तो फॉर्म अश्विनीला वाचायला दिला. 'वाचले' म्हणून तिला सही करायची होती. तिनं वाचलं. 'हाताच्या अंतरावर' या शब्दांवर तिची नजर थांबली, मी पाहत होतो. मग तिनं सही केली. स्वतःच्या जबाबात तिनं एकच ओळ लिहिली, पट्टा मी सोडला. धोतराचं नाही. माझं नाही. संस्थेनं तिची पोस्टिंग थांबवली आणि चौकशी लावली. निष्काळजीपणा ठरला असता तर तिचं वर्ष गेलं असतं, आणि पहिल्या वर्षाच्या फीसाठीच त्या घरानं काय केलं होतं ते मला माहीत होतं.

दवाखान्यात तुम्हाला भेटायला मी चौथ्या दिवशी आलो. आधीचे तीन दिवस पार्किंगपर्यंत येऊन परत गेलो होतो. तुम्ही झोपेच्या औषधात होता. नाना चहा आणायला खाली गेला. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला, दोन वर्षांत पहिल्यांदा, अरेतुरे केलंत. नानाला करता तसं.

"पोरीला काय करत्यात का रं?"

"काही नाही आबा. चौकशी असते. होईल सगळं."

"धोतराचं कुनाला सांगू नको. नानाला बी नको."

"नाही सांगणार."

मग तुम्ही छताकडे नजर वळवलीत. "तू कुठं व्हतास?"

मी म्हणालो, "तिथंच होतो आबा. बाजूलाच."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर मी ते सोसलं असतं. तुम्ही नुसतं पाहिलंत आणि म्हणालात, "बरं." आणि डोळे मिटलेत. तो 'बरं' मला अजून झोपू देत नाही. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दोनदा 'आलोच' ऐकलं होतं, भिंतीपलीकडून. एका माणसाला खरं बोलायची जागा करून द्यावी तशी तुम्ही मला ती करून दिलीत आणि मी ती घेतली नाही. मी ठरवलं होतं, घरी आल्यावर निवांत सांगेन. तुम्ही घरी आलात. मग छातीत कफ झाला. झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते मी वर्गात शिकवतो. मला दिवस मोजता येत होते, तरी मी आलो नाही. नानाचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटचा गुडघा वाकवत होतो. तो पुरता वाकवला, मगच बाहेर आलो.

तुम्ही गेल्यावर मी स्वतःला एक सबब दिली, तीही ऐका. मी स्वतःला म्हणालो, खरं सांगायचं तर धोतराचं सांगावं लागेल, आणि आबांना शब्द दिलाय. म्हणजे मी तुमच्या लाजेसाठी गप्प आहे. असं किती दिवस मानलं म्हणून सांगू. तुमच्या धोतरामागे मी लपलो, आबा. एका पोरीनं स्वतःची ओढणी टाकून जे झाकलं, त्याच्या आडोशाला मी जाऊन बसलो.

सेंटरमध्ये माझं काय झालंय ते तुम्हाला पाहवलं नसतं. नवीन बॅच आली होती. मी त्यांच्या इतका जवळ उभा राहायचो की त्यांना हात हलवता यायचे नाहीत. एक मुलगा परवा दबकत म्हणाला, "सर, तुमचा पाय माझ्या पायावर आहे." कुणी पेशंटला उठवायला लागलं की त्याच्याआधी मीच पट्टा धरायचो. सकाळी कमी पाणी प्यायचो, खोली सोडावी लागू नये म्हणून. बाहेर काहीही पडलं, बादली, खुर्ची, तरी मी दांड्यांकडे धावतो. आणि एवढी राखण करूनही मला ठाऊक आहे की ही राखण नाही, ही भीती आहे. पोरं माझ्याकडून तेवढीच शिकत होती.

गेल्या आठवड्यात अश्विनी राहिलेला डबा आणि एप्रन न्यायला आली. मी विचारलं, "जबाबात एवढंच का लिहिलंस? आबांनी तोंड फिरवायला सांगितलं, ते का नाही लिहिलं?"

"आबांना बरं नसतं वाटलं."

"आणि माझं?"

ती डब्याचं झाकण उघडझाप करत राहिली. "तुम्ही सर आहात," म्हणाली. जाताना दारात थांबली. "सर, एक विचारू? तुम्ही असता तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं ना, गाठ मारायला?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रोज एसटीत बसून ती हेच हुडकत असणार, की आपण नेमकं कुठं वेगळं वागायला हवं होतं. मी म्हणालो, "हो. मला सांगितलं असतं." तिच्या कपाळावरची आठी सैल पडलेली मला दिसली. एवढं एक वाक्य द्यायला मला दोन महिने लागले. आणि तेव्हा कळलं की त्या मुलीनं आपल्या दोघांचंही ऐकलं. तुम्ही तोंड फिरव म्हणालात, तिनं फिरवलं. मी न बोलता तेच म्हणालो, तिनं परत फिरवलं.

त्याच दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं. मी खोलीत नव्हतो. विद्यार्थिनीनं थांबू का असं विचारलं होतं, मी सुरू कर म्हणालो. वहीतली सही घटनेच्या आधीची आहे, आणि तशी ती एकच नाही. चार ओळी. पोस्टानं टाकलं असतं तर वाटेत मागे घ्यायचे मार्ग सुचत राहिले असते, म्हणून हातानं नेऊन दिलं. मग मी गाडी निमगावकडे वळवली, कारण संस्थेपेक्षा मला नानाची जास्त भीती वाटत होती आणि ती दुसऱ्या दिवसावर टाकली असती तर मी गेलोच नसतो.

नाना वाड्यावर होता, मेंढरांना औषध पाजत. त्यानं मला पाहून हात पुसले, पोराला खाट टाकायला सांगितली. मी उभ्यानंच सांगितलं. तो ऐकत होता तेव्हा त्याच्या हातात औषधाची बाटली होती, आणि मी सारखा त्या हाताकडे पाहत होतो. माझं संपलं. मेंढरं ओरडत होती.

"दहाव्याला हात धरला मी तुमचा," तो म्हणाला.

"हो."

"तवा बोलायचं व्हतं."

"घाबरलो."

"मंग त्या पोरीला कशापायी अडकवली? माझ्या बापाचं जाऊ द्या, म्हातारा व्हता. ती पोर तर जिती हाय."

मी सांगितलं की पत्र दिलंय. त्यानं बाटलीचं बूच लावलं. मग विचारलं, "पण तिनं पट्टा सोडला कशामुळं? एवढी नेटकी पोर. आबा तर घरी तिचंच कौतुक सांगायचा."

आबा, इथं मला पुन्हा खोटं बोलता आलं असतं, आणि या वेळी तुमच्यासाठी. मी म्हणालो, "नाना, मला ठाऊक आहे. पण आबांनी सांगू नको म्हटलंय. तिची त्यात चूक नव्हती, एवढं मी तुम्हाला शपथेवर सांगतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. तुमच्यासारखाच पाहतो तो. मग म्हणाला, "आबानं म्हटलंय ना? मंग ऱ्हाऊ द्या." आणि थोड्या वेळानं, तोंड फिरवून, "डाक्टर, आता तुमी जावा. आज तुमच्याशी आनखी बोलवत न्हाई." मी निघालो. खाटेवर बसायला त्यानं सांगितलं नाही आणि ते बरोबर होतं.

माझ्यावर काय कारवाई होईल, अजून कळलेलं नाही. सध्या माझ्याकडे विद्यार्थी पाठवायचे नाहीत असं ठरलंय. नवीन बॅच कालच गेली. दांड्या रिकाम्या आहेत, त्यामुळे सेंटरमध्ये फार शांत वाटतं. मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती रविवारी येते म्हणाली. कशाला येते ते विचारायचं धाडस झालं नाही. भीती कमी झालीय असं लिहावंसं वाटतं, पण आज तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. फोन वाजला की अजून आधी नाव पाहतो, मगच उचलतो.

काल संध्याकाळी वाजला तो अश्विनीचा. संस्थेतून तिला कळवलं होतं. तिची पोस्टिंग पुन्हा सुरू, सोमवारपासून, मंचरला, दुसऱ्या मॅडमच्या हाताखाली. माझ्या पत्राबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. मी तिच्या घरी जाऊन माफी मागायला हवी होती. तेही मी केलेलं नाही, तिनंच फोन केला. मी चाचरत म्हणालो, "अश्विनी, माझ्यामुळं तुला..." तिनं मला पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "सर, ते राहू द्या. मला एक शिकवा. तिथं माझा पहिला पेशंट एक आजोबाच आहेत, लकव्याचे. त्यांनी सोड म्हटलं तर मी काय म्हणू?"

पंचवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला शिकवलं नव्हतं. मी विचार केला. म्हणालो, "आधी मॅडमना हाक मार. त्या येईपर्यंत पट्टा मुठीत. आणि त्यांना सांग, आबा, खुशाल रागवा, पण मी सोडणार नाही. शिक्षकांनी सोड म्हटलं आणि तुला पटलं नाही, तर त्यांनाही हेच."

"म्हणून बघू?"

"बघ."

तिनं म्हटलं, पण पुटपुटल्यासारखं. मी म्हणालो, एवढ्यानं कुणी ऐकणार नाही. तिनं परत म्हटलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज असा लागला की मी फोन कानापासून लांब धरला. "आबा, खुशाल रागवा, पण मी सोडणार नाही."

घरात भांड्यांचा आवाज थांबला. तिच्या आईनं आतून विचारलं, "अगं, कुणावर खेकसतीस?"

अश्विनी म्हणाली, "आबांवर."